दिवाळीची सुट्टी संपली, आता घराची घडी कशी बसवताय?

पूर्णाकाठ (परभणी)

नमस्कार मंडळी,

शाळा सुरू झाल्या, फराळाचे डबे तळाला लागले आणि सकाळी सहाचा गजर कोणी मनावर घेईना, असं सध्या बऱ्याच घरी चालू असणार. ज्यांच्याकडं शाळेत जाणारी लेकरं आहेत आणि शुगरचे आजी-आजोबाही आहेत, त्यांनी आपापले अनुभव लिहावेत म्हणून हा धागा काढतोय.

आमच्या घरात आई-वडील, आम्ही दोघं, सातवीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा. यंदाची सुट्टी दोन तऱ्हांनी गेली. पहिले दिवस पाहुणचाराचे. आज मावशीकडं, उद्या आत्याकडं. बसलं की चिवडा-लाडवाची ताटली, वरून चहा. नको म्हटलं तर माणसं मनाला लावून घेतात, त्यामुळं पोटात जागा असो-नसो, खायचं. मोठी माणसं गप्पांत, लेकरं कोपऱ्यात मोबाइलवर. रात्री झोपायला एक वाजायचा, उठायला नऊ. पोराचं पोट गच्च, मुलीची चिडचिड, वडिलांची शुगर वर.

मग मराठवाडा एक्सप्रेसनं संभाजीनगरला बहिणीकडं गेलो आणि देवगिरी, वेरूळ केलं. देवगिरीला सकाळी लवकर आत शिरलो. चांदमिनारापासून खंदकावरच्या पुलापर्यंत पोरगं नुसतं पळत होतं. अंधारी म्हणजे किल्ल्यातली अंधारी भुयारी वाट, तिच्या तोंडाशी मात्र थबकलं. आत वटवाघळांचा उग्र वास, पायऱ्या एक उंच तर एक बुटकी, हाताला लागणारा कातळ गार. त्यानं माझं बोट सोडलं आणि मनगट धरलं. बहीण टॉर्च घेऊन पुढं होती. वळणावर वरून उजेडाची तिरीप आली तसं ते कुजबुजलं, "बाबा, शत्रू इथंच अडकत असतील ना?" तिथून पुढं बारादरीपर्यंत एकदाही "दमलो" म्हणालं नाही. वर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. एरवी दशमी बघून तोंड फिरवणारी मुलगी मागून घेत होती. त्या रात्री नऊला दोघंही गाढ. मोबाइल कुठं आहे, हे कोणी विचारलंसुद्धा नाही.

वेरूळलाही तसंच. ३४ लेणी एका दिवसात नीट बघून होत नाहीत, म्हणून कैलास, मग दहावं, एकविसावं अशी निवडून घेतली. शेवटच्या जैन लेण्यांकडं बहुतेक जण गाडीनं जातात, आम्ही चालत गेलो. आई-वडील कैलासाच्या आवारातच सावलीला बसले. वडील म्हणाले, "हे मी शाळेच्या सहलीत पाहिलं होतं, पण तेव्हा कळसापासून खाली कोरत आलेत हे कोणी सांगितलंच नव्हतं."

माझं मत असं बनलंय की सुट्टीनं तब्येत बिघडत नाही. बसणं आणि जागरण यांनी बिघडते. ज्या सुट्टीत पाय चालतात, तिच्यानंतर घडी बसवायला फार ओढाताण करावी लागत नाही. म्हणून परतल्यावर आम्ही खाण्यापासून सुरुवात केली नाही, झोपेपासून केली. साडेनऊला दिवे बंद, मोठ्यांचेही. सगळे फोन हॉलमध्ये चार्जिंगला. सकाळी मी, मुलगी आणि वडील कृषी विद्यापीठाच्या रस्त्यानं फिरायला जातो. तिथं झाडी आहे, वाहनं कमी आहेत आणि या दिवसांत परभणीची थंडी अंगाला चांगली लागते. झोप सुधारली तशी सकाळची भूक परत आली, आणि सकाळी भूक असली की शाळेतून आल्यावर लेकरं फराळाच्या डब्याकडं कमी वळतात. आमच्याकडं तरी हाच क्रम लागू पडला.

आता तुम्हाला दोन गोष्टी विचारायच्यात. नोव्हेंबर ते जानेवारी, एका दिवसात जाऊन येता येईल, खर्च कमी आणि पायी फिरणं जास्त, अशा जागा सुचवा. आणि ज्वारीची भाकरी शाळेच्या डब्यात दुपारपर्यंत मऊ कशी ठेवायची?

*

कन्नडकर

धागा चांगला. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी, हे इथं लिहून ठेवतो. लांबून आलेली माणसं लेकरांना घेऊन बंद फाटकासमोर उभी राहिलेली मी पाहिलीत.

पायी फिरायचं तर आमच्याकडं पितळखोरा आहे. पठारावरून पायऱ्या उतरत दरीत जायचं. अजिंठ्यातल्या सर्वांत जुन्या लेण्यांइतकीच जुनी बौद्ध लेणी, गर्दी मात्र नावाला. गौताळा अभयारण्याचा भाग असल्यानं पावसाळ्यानंतर हिरवं असतं. उतरताना सोपं वाटतं, चढताना घाम निघतो, त्यामुळं आजी-आजोबांनी वरच थांबावं. खायला-प्यायला तिथं काही मिळेल हे धरून जाऊ नका. पाणी आणि डबा सोबत घ्या आणि कचरा परत आणा.

संभाजीनगरात राहणाऱ्यांना तर गोगाबाबाची टेकडी आहेच. रविवारी पहाटे तिथं लेकरं घेऊन येणारे बाप वाढलेत, बघून बरं वाटतं.

*

शुश्रूषा (बीड)

मी परिचारिका आहे. झोपेपासून सुरुवात केलीत हे अगदी योग्य. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते. सुट्टीत एकला झोपणारं लेकरू एकदम साडेनऊला झोपत नाही. रोज पंधरा-वीस मिनिटं अलीकडं आणायचं आणि सकाळी उठल्यावर लगेच उजेडात न्यायचं. उठण्याची वेळ आधी पक्की केली की झोपण्याची वेळ आपोआप मागं येते.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते आणि मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं. शाळेतला तासभर खेळ उरलेला नाही, त्यामुळं हे घरानंच बघावं लागतं. साखरेचं म्हणाल तर वरून घातलेली साखर मोठ्या माणसालाही दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असली तर उत्तम. एक छोटी कोलाची बाटली प्याली की तेवढी भरलीच. दिवाळीत लाडवांवर सगळ्यांचा डोळा असतो, पण पाहुणे आले की फोडली जाणारी मोठी बाटली कोणी मोजत नाही.

आजोबांसाठी कळकळीनं सांगते. सुट्टीत शुगर वाढली म्हणून परत आल्यावर जेवण तोडू नका आणि गोळ्या मनानं कमी-जास्त करू नका. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची तपासून घ्या. तीन महिन्यांच्या सरासरीची जी तपासणी असते, तिच्यात या पंधरवड्याचं सगळं चित्र लगेच उमटत नाही, त्यामुळं ती चांगली आली म्हणून निर्धास्त राहू नका. किल्ला, लेणी असं कुठं नेलंत तर पायात बंद, मऊ बूट असू द्या. घरी आल्यावर तळपाय उजेडात धरून बघा. मधुमेहात खडा टोचलेला, फोड आलेला कळत नाही आणि त्यातूनच जखमा चिघळतात. खिशात दोन खडीसाखरेचे तुकडेही हवेत. चालून शुगर एकदम उतरली, घाम सुटला, हात थरथरले तर तेच कामाला येतात.

*

मोकळं_आभाळ (नांदेड)

थोडं वेगळं मत मांडतो. वर्षभर लेकरं शाळा, शिकवणी, गृहपाठ यांत अडकलेली असतात. सुट्टीत तरी त्यांनी उशिरा उठावं, मनसोक्त खावं, चुलतभावांशी रात्री गप्पा माराव्यात. मला माझ्या लहानपणीच्या सुट्टीतल्या गच्चीवरच्या रात्रीच आठवतात. त्या वेळी कोणी झोपेचं वेळापत्रक लावलं असतं तर त्या राहिल्या नसत्या. आईनं केलेला लाडू हातात असताना ग्रॅम मोजायचे नसतात. पंधरा दिवसांत काही बिघडत नाही, लेकरं आपोआप रुळावर येतात.

*

पूर्णाकाठ

@मोकळं_आभाळ, चुलतभावंडांच्या रात्री मलाही हव्यात आणि लाडूही. आईच्या हातचे बेसनाचे लाडू आमच्याकडं आजही डब्यात आहेत, रोज एक मिळतो. माझं म्हणणं बसण्याबद्दल आहे. आपल्या वेळी गच्चीवर जागलो तरी दिवसभर विहिरीवर, शेतात, गल्लीत धावत होतो. आता लेकरं जागतातही आणि बसतातही. भावंडं शेजारी असूनही प्रत्येकाच्या हातात वेगळा पडदा. आपोआप रुळावर येतात हे पूर्वी खरं होतं, कारण हालचाल दिवसात मुरलेली होती. ती आता आपल्याला मुद्दाम आणावी लागते. म्हणून बापानं सुट्टीत उठून लेकरांसोबत बाहेर पडावं, एवढाच माझा आग्रह.

@शुश्रूषा, तळपायाचं मनावर घेतलंय. वडिलांना आजच बसवून पाय बघितले. खडीसाखरही त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली.

*

काळी_माती (जिंतूर तालुका)

दादा, लिहिलंय चांगलं. पण सगळ्यायलाच संभाजीनगर, वेरूळ परवडत नाही. गाडीभाडं, तिकिटं, बाहेरचं खाणं, सहा माणसायचा खर्च लई होतोय. आमची लेकरं सुट्टीत रानात असतेत. सोयाबीनचं खळं उरकलं, आता ज्वारी ढोपराएवढी झाली, हरभरा वर यायलाय. सकाळी पाखरं राखायला, दुपारी बांधावर बोरीखाली. मोबाइलला रेंजच नाही तिथं.

तुमच्या जवळच्याच जागा सांगतो. जिंतूरपासून जवळ नेमगिरी आहे. डोंगरावर जैन लेणी, चढ लेकरायला झेपणारा. वरून सगळा भाग दिसतोय. तिथून पुढं येलदरीचं धरण, पूर्णेवरचं. तुमचं नावच पूर्णाकाठ, मग धरण बघितलं का नाही? चारठाण्याला जुनी मंदिरं आहेत, काळ्या दगडाची, गावभर विखुरलेली. गावातूनच पायी फिरत बघायची. परभणीहून सकाळी निघालात तर संध्याकाळी घरी.

आन् पौषात हुरड्याला या. हुरडा पार्टीच्या नावाखाली शहराजवळ ज्या जागा निघाल्यात तिथं पैसे मोजून खुर्चीवर बसून खातेत. ते खरं नव्हं. रानात चालत जायचं, कणसं स्वतः खुडायची, गोवऱ्याची आगटी पेटवायची, गरम कणीस हातावर चोळायचं, फुंकर मारून फोलपटं उडवायची. लेकरायचे हात काळे होतेत, तोंडं काळी होतेत. जवसाची नाहीतर तिळाची चटणी, गूळ, दही. त्यावर दिवसभर दुसरं काही मागत नाहीत.

*

कन्नडकर

काळी_माती यांना शंभर टक्के अनुमोदन. आमच्याकडंही हेच चित्र आहे.

*

मांजराकाठ (लातूर)

वरचा प्रतिसाद वाचला आणि आमची येळवस आठवली. मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर, धाराशिव भागात अख्खं शहर रानात जातं. शहरातल्या रस्त्यांवर त्या दिवशी शुकशुकाट असतो. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करून त्यात पाच पांडवांची पूजा, मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खीर. या भज्जीत ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाटाणा, मेथी, पालक, चाकवत, जे जे रानात हिरवं असेल ते ते पडतं आणि बेसन-ताकात शिजतं. एरवी पालेभाजी म्हटलं की नाक मुरडणारी माझी दोन्ही मुलं त्या दिवशी भज्जीची वाटी दोनदा भरून घेतात. आंबील तर आदल्या रात्रीपासून आंबवलेली, पोटाला एकदम हलकी. पूर्णाकाठ, तुम्ही लातूरकडं या त्या दिवशी. एकही तिकीट नाही आणि दिवसभर चालणं.

पण एक मनातलं बोलायचंय. सुट्टीनंतर घरात "आता सगळं नीट खायचं" असं ठरतं, तेव्हा ते ठरवणारा एक असतो आणि करणारी दुसरी. मैद्याचं बंद करून भाकरी सुरू झाली म्हणजे पहाटे पाचला पीठ मळणारी बाई. कडधान्याला मोड आणणं, पालेभाजी निवडणं, फुटाणे भाजून डबे भरणं, सासऱ्यांचं बिनसाखरेचं वेगळं. बिस्किटाचा पुडा फोडण्यापेक्षा हे सगळं कष्टाचं आहे. ते कोण करणार हे आधी ठरलं नाही, तर चांगली सवय म्हणजे आईच्या डोक्यावर आणखी एक ओझं. तुमच्या लेखात तुम्ही फिरायला जाता ते आलं. डबा कोण करतं?

*

पूर्णाकाठ

@मांजराकाठ, प्रश्न रास्त आहे आणि विचारलात हे फार बरं झालं. फिरून आल्यावर भाजी निवडणं, चिरणं आणि डबे भरणं माझ्याकडं आहे. पोळ्या-भाकरी ही करते, तिच्या नोकरीच्या वेळा बदलतात तेव्हा आई. वडिलांनी लसूण सोलायचं काम आपणहून घेतलंय. मुलगी रात्री मटकी भिजत घालते, फडक्यात बांधून मोड आले का ते सकाळी तीच बघते. स्वतः मोड आणलेली उसळ ती डब्यात परत आणत नाही, हे लक्षात आलंय. भाकरी थापणं मला अजून यायचंय, आणि डब्यासाठी ती मऊ ठेवायचं मी म्हणूनच विचारलं.

इथं परभणीत राहतो म्हणून एक सांगतो. आपल्या कृषी विद्यापीठाच्या सहभागातून २०१८ मध्ये "परभणी शक्ती" हा ज्वारीचा वाण आला, ज्यात लोह आणि जस्त नेहमीच्या वाणांपेक्षा जास्त आहे. वाढत्या वयाच्या मुलींना लोह किती लागतं हे शुश्रूषाताई सांगतीलच. आपल्या मातीतलं, आपल्या विद्यापीठाचा हात लागलेलं धान्य सोडून आपण पाकिटातले ओट्स आणतो, याचं मला वाईट वाटतं.

*

शुश्रूषा

हो, दहा-अकरा वर्षांपुढच्या मुलींमध्ये रक्त कमी असणं आम्ही रोज बघतो. ज्वारी, तीळ, पालेभाजी, गूळ चांगलंच आहे, पण सोबत लिंबू, आवळा, पेरू असं आंबट काहीतरी हवं, म्हणजे लोह अंगी लागतं. आवळे आणि पेरू आता बाजारात स्वस्त आहेत. चहा जेवणाला लागून देऊ नका, त्यानं उलट होतं. फार थकवा, धाप असेल तर नुसत्या आहारावर न थांबता रक्त तपासून घ्या.

*

नळदुर्गी

धाराशिव जिल्ह्यातून. नळदुर्ग सुचवतो. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच आहे, त्यामुळं एसटीनं येणंही सोपं. बोरी नदीवर किल्ल्यातच धरणाची भिंत आणि तिच्या पोटात पाणीमहाल, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ सालचा. नदीला पाणी असेल तर नर-मादी धबधबे भिंतीवरून कोसळतात आणि आत खिडकीत कोरडं उभं राहून तो पडदा बघता येतो. नोव्हेंबरात पाणी असेलच असं नाही, निघण्याआधी ओळखीच्या कोणाला विचारा. पाणी नसलं तरी तटावरून फिरण्यात अर्धा दिवस जातो. उपळ्या बुरुजाच्या पायऱ्या फार उभ्या आहेत, लहान लेकरांचा हात सोडू नका.

चालणं जास्त झालं की परतताना तुळजापूरला दर्शन घेऊन घरी. येडशीच्या रामलिंगलाही झाडी आणि सावली चांगली आहे, वयस्कर मंडळींसाठी ते बरं. खाऊ बघून माकडं अंगावर येतात, तेवढं सांभाळा.

*

मोकळं_आभाळ

पूर्णाकाठ, तुमचं "जागतातही आणि बसतातही" हे वाक्य घरी वाचून दाखवलं. पटलं. गच्चीवरच्या रात्रीचा हट्ट मी सोडणार नाही, पण या रविवारी पोरांना घेऊन कंधारच्या किल्ल्यात जायचं ठरवलंय. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचं गाव, भोवती खंदक, आणि किल्ला सपाटीवर असल्यानं माझ्या आईलाही चालता येईल. सहस्रकुंडचा धबधबा मात्र पुढच्या पावसाळ्यावर ठेवतो, पण पाणी जोरात असताना त्या कातळावर लेकरं नेण्याचं धाडस मला होत नाही. लांबूनच बघायचं.

*

पूर्णाकाठ

सगळ्यांचे आभार. या रविवारी नेमगिरी आणि जमलं तर येलदरी. वडील पायथ्याशी थांबतील, आई म्हणते मी चढणार. येळवशीचं आमंत्रण घरात वाचून दाखवलं, मुलीनं कॅलेंडरवर अमावस्येला गोल केलाय, तेव्हा मांजराकाठ, आम्ही येतोय असं समजा. सोबत काय आणायचं ते सांगा. आणि भाकरीचं राहिलं की!

*

मांजराकाठ

यायचं नक्की. आणायचं काही नाही, टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या तेवढ्या घ्या.

भाकरीचं असं. पाण्याला खळखळून उकळी येऊ द्या, त्यात चिमूटभर मीठ, गॅस बारीक करून पीठ टाका, उलथण्याच्या टोकानं ढवळून लगेच झाकण. पाच मिनिटांनी परातीत काढून हाताला सोसेल इतकं गरम असतानाच तळहातानं रगडून मळा. पीठ ताजं दळलेलं हवं, जुन्या पिठाची भाकरी चिरते. भाजून झाली की ताटात उघडी ठेवू नका, सुती फडक्यात गुंडाळा. वाफ जिरली की मग डब्यात. गरम-गरम डब्यात कोंबली तर पाणी सुटून चिकट होते. चतकोर करून मध्ये तूप आणि शेंगदाण्याची चटणी लावून घडी घातली तर लेकरांना हातात धरून खाता येते.

ज्या दिवशी घाई असेल त्या दिवशी धपाटे करा. ज्वारीचं पीठ जास्त, गव्हाचं आणि बेसन थोडं, किसलेली काकडी किंवा मेथी, तीळ, ओवा, लसूण-मिरची, आणि भिजवायला दही. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकायचे. संध्याकाळपर्यंत मऊ राहतात. थापायला नवशिक्या हातालाही जमतात, तुम्ही त्याच्यापासूनच सुरुवात करा.